सलाइनच्या मासोळ्या

पुष्पाबाईला कशाचीही शिसारी पटकन येई. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नसे. लग्नाच्या पंगतीत बसली की पत्रावळ आधी उलटीसुलटी करून बघे, आणि शेजारचा माणूस भुरके मारू लागला तर तिचा घास तोंडातच फिरत राही. पारोळ्याजवळच्या तिच्या माहेरी बहिणी म्हणायच्या, हिला राजवाड्यात द्यायला हवी. दिली मात्र सुरतेला, पांडेसऱ्यात, रंगाच्या मिलमध्ये काम करणाऱ्या सुकदेवला.

ती पहिल्यांदा चाळीत आली ती एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात. खोलीच्या मागच्या खिडकीतून तिने बाहेर पाहिलं तर खालचा नाला लालभडक वाहत होता.

"आठे कोनी जनावरं कापस का?" तिने घाबरून विचारलं.

सुकदेव हसला. "दुपारी दख, हिरवा व्हई."

दुपारी नाला खरंच हिरवा झाला. त्याच्या वासाने तिला तीन दिवस भाकर गेली नाही, नुसत्या मुरमुऱ्यांवर राहिली. सुकदेव संध्याकाळी यायचा तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत निळे नाही तर जांभळे असायचे. साबणाने, राखेने, रॉकेलने, कशानेच रंग जायचा नाही. त्या हातांनी तो भाकरी मोडायचा आणि ती मान खाली घालून जेवायची.

खोलीतली घाण झाकायची म्हणूनच तिने पहिल्यांदा हातात सुई धरली. साडीच्या कारखान्यातून निघालेले काठाचे तुकडे तिने चांगल्या दोन पाण्यांनी धुतले, उकळले, उन्हात वाळवले आणि त्यांचं तोरण केलं. जुन्या लग्नपत्रिकांचे त्रिकोणी तुकडे गुंडाळून कागदाचे मणी केले आणि नाल्याकडच्या खिडकीला मण्यांचा पडदा लावला. वास येतच राहिला, पण निदान तो लाल-हिरवा रंग दिसेनासा झाला. चाळीतल्या बायका पडदा बघायला आल्या, बघता बघता मागू लागल्या. पुढे पंधरा वर्षांत पांडेसऱ्यापासून पर्वत पाटियापर्यंतच्या मराठी घरांत 'रुखवतवाल्या पुष्पाबाई' म्हटलं की लोक तिलाच ओळखत. सुपारीचे भटजी, लोकरीचे पोपट, नारळाला नेसवलेली नऊवारी, डाळी-तांदळाची सप्तपदी. मुलीचं लग्न ठरलं की आई आधी हॉल बघायची आणि मग पुष्पाबाईकडे यायची.

तिची एकच अट असे. सामान नवं किंवा स्वतः धुतलेलं. नवसाला चढवलेले नारळ, देवळातली वापरलेली फुलं, कुणाच्या अंगावरून उतरलेलं कापड ती हातात धरत नसे.

सुपडू तिच्या माहेरच्या गावचा. उधन्याकडच्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डात कामाला होता. मनाने चांगला. तेल लावून चापून भांग पाडायचा आणि येताना रिकाम्या हाताने यायचा नाही. पंचाण्णवच्या दिवाळीत तो आला तो हातात एक मासोळी घेऊन. पारदर्शक, काचेसारखी, अंगावर बारीक खवले, डोळ्याच्या जागी लाल मणी.

"हाई कथाईन आनं?" पुष्पाबाईने विचारलं. तिने मासोळी उजेडात धरली होती. तिला ती खाली ठेववेना.

"दवाखानामा एक पेशंटना भाऊनी करी. दोन महिना बसेल व्हता ना बिचारा. सलाइननी नळी शे."

पुष्पाबाईने मासोळी पटकन जमिनीवर ठेवली. "वापरेल?"

"आक्का, धुईसन देस मी. गरम पानीमा, औषध टाकीसन. तुले माहीत नही का मी?"

तिने वाकून वास घेतला. मासोळीला दवाखान्याचा वास येत होता. फिनेलचा, स्पिरिटचा. पुष्पाबाईच्या लेखी जगात एवढा स्वच्छ वास दुसरा नव्हता. ज्या वर्षी प्लेग आला त्या वर्षी सगळी चाळ गावी पळाली होती आणि परत आल्यावर ती महिनाभर फिनेलनेच फरशी पुसत होती. त्या वासाने तिची खात्री पटली.

त्या एका संध्याकाळीच तिने मासोळी उसवून तिची वीण समजून घेतली. नळी ब्लेडने उभी चिरायची, तिच्या बारीक पट्ट्या करायच्या, त्या एकीवर एक वळवत न्यायच्या. प्रत्येक वळणाला एक खवला उमटायचा. सुकदेवने मिलमधून आणलेला चिमूटभर रंग गरम पाण्यात टाकून पट्ट्या त्यात बुडवल्या की त्यांना फिकी गुलाबी, फिकी निळी झाक यायची. अडचण एवढीच होती की विणताना पट्टी सतत ताणलेली लागे, आणि हात तर दोनच. मग एक टोक ती दातात धरायची. तासन् तास. बोलायचं झालं तर दातांच्या फटीतूनच बोलायची.

सुपडू दर पंधरा दिवसांनी पिशवी आणून देऊ लागला. पुष्पाबाईच्या मासोळ्यांनी सुरतेतली मराठी घरं भरली. दारावर मासोळ्या, किल्लीला मासोळी, देव्हाऱ्याच्या कमानीला मासोळ्यांची माळ. सुभद्राबाईने, म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीने, टीव्हीवर पाच ठेवल्या होत्या.

सगळ्यात मोठं काम होतं सुधाताईंचं. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. एकुलत्या एका मुलीचं, शर्वरीचं लग्न शहाण्णवच्या फेब्रुवारीत होतं. पुष्पाबाईने रुखवतासाठी काचेची पेटी करवून घेतली, तळाशी तापीची वाळू पसरली आणि आत दोऱ्याने अकरा मासोळ्या लटकवल्या. पेटीला धक्का लागला की मासोळ्या पोहल्यासारख्या हलत. शिवाय पाळण्यावर टांगायचं एक चक्र केलं, त्याला सात मासोळ्या. सुधाताईंनी समोर सोनेरी अक्षरांत कार्ड ठेवलं : 'चि. सौ. कां. शर्वरीने स्वहस्ते केलेले'. मुलीने सुईसुद्धा हातात धरली नव्हती. मांडवात सासरकडच्या बायका तिचं कौतुक करत होत्या आणि पुष्पाबाई खांबाशी उभी राहून ऐकत होती. त्या खोटेपणाची तिला जराशी किळस आली, पण असली कार्डं तिच्या सवयीची झाली होती.

दीड वर्ष असंच गेलं. सत्त्याण्णवच्या गणपतीनंतर सुभद्राबाईची गर्भपिशवी काढायची ठरली. दवाखाना सुपडूचाच. त्याने ओळखीने खाट मिळवून दिली होती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई डबा घेऊन गेली. बाहेरचा रस्ता तेव्हा आरशासारखा झाडलेला असे. प्लेगनंतर महापालिकेने शहर असं काही घासूनपुसून काढलं होतं की बाहेरगावचे पाहुणे चकित होत. दवाखान्याच्या दारातही कुंड्या होत्या.

वॉर्डात सुभद्राबाईच्या पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा होता. पाठीला झालेल्या जखमांचा वास पांघरुणातून बाहेर येत होता आणि पुष्पाबाई पदर नाकाला लावून बसली होती. बसल्या बसल्या तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. सलाइन संपली होती आणि नळीत उलटं रक्त चढत होतं. वीतभर चढलं, मग थांबलं. नर्सने येऊन सुई काढली, कापूस दाबला आणि हाक मारली. सुपडू आला. त्याने नळी हातावर गुंडाळली, जशी बायका लोकरीची लडी गुंडाळतात तशी, आणि मोरीत गेला.

पुष्पाबाई उठून त्याच्यामागे गेली. मोरीचं दार उघडंच होतं. तिथे एक बादली होती, फरशी पुसायचं फडकं पिळायची. काळ्या पाण्यावर फेस तरंगत होता. सुपडूने नळी त्या बादलीत दोनदा बुचकळली, बाहेर काढून झटकली. मागचं दार ढकललं. मागे अंगणात ढीग होता. पिवळे पडलेले बोळे, फुटक्या बाटल्या, पट्ट्यांचे गुंडाळे, आणि त्यावर एक कुत्रं काहीतरी ओढत होतं. ढिगाच्या कडेला खिळ्याला एक पिशवी अडकवली होती. ती पिशवी पुष्पाबाईच्या ओळखीची होती. काठाच्या तुकड्यांची, तिनेच शिवलेली, सुपडूला दिलेली.

सुपडूने नळी पिशवीत टाकली आणि वळला तो समोर पुष्पाबाई. तो मनापासून हसला.

"आक्का, हाई तुन्हासाठेच."

पुष्पाबाईच्या दातांना ती पट्टी आठवली. पट्टीची चव आठवली. किंचित खारट लागायची. तिला वाटायचं, प्लास्टिकच तसं असेल.

ती तिथेच वाकली आणि तिला भडभडून उलटी झाली. सकाळचा चहा, भाकरी, सगळं. सुपडू पाणी घेऊन धावला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती किंचाळली, "हात नको लाऊ माले!"

"काय व्हयनं, आक्का?"

"गरम पानी सांगे ना तू? औषध सांगे ना?"

"त्या पानीमा औषधच शे ना," सुपडू गोंधळून म्हणाला. "फिनेल शे त्यामा." आणि त्याला खरंच कळत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. याचाच तिला जास्त संताप आला. फसवलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या.

घरी येऊन तिने मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. मग राखुंडीने दात घासले, मग कडुलिंबाच्या काडीने, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. रक्ताची चव लागली तशी पुन्हा उमासा आला. संध्याकाळी सुकदेव आला तेव्हा ती मोरीत बसूनच होती. तिने सगळं सांगितलं. सुकदेवने आपले हात पुढे केले. त्या दिवशी ते नारिंगी होते.

"मन्हा हात दख. अठरा वरीस व्हयनात. मी याच हातवरी जेवस. मरनू का?"

"तुमचा रंग डब्यातला आहे," पुष्पाबाई म्हणाली. रागावली की ती नवऱ्याशी शहरी मराठीत बोले. "तो कुणाच्या सडक्या पाठीतून आलेला नाही. आणि मी तो लोकांच्या देव्हाऱ्यावर टांगलेला नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरू लागली. प्रत्येकीला खरं सांगायचं आणि मासोळ्या परत मागायच्या, असं तिने ठरवलं होतं. तिला वाटलं होतं, ऐकलं की बायका ओरडतील, तोंडावर पदर घेतील, मासोळी चिमट्याने उचलून आणतील. काही घरी झालंही तसं. पण बहुतेक ठिकाणी तिचीच समजूत काढली गेली. एक म्हणाली, "मावशी, आता वाळलं ना सगळं, काय होतंय?" एकीने मासोळी पदराने पुसून पुन्हा खिळ्याला लावली. एकीला वाटलं, पुष्पाबाईला त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायच्या आहेत. आणि सुभद्राबाई, जिने टाके ओले असताना त्याच वॉर्डातून तिची उलटी ऐकली होती, तीही पडल्या पडल्या म्हणाली, "टीव्हीवरच्या राहू दे गं. शोभा येस खोलीले."

पुष्पाबाईला नाल्याची आली नव्हती एवढी किळस त्या आठ दिवसांत माणसांची आली.

सुधाताईंकडे ती सगळ्यात शेवटी गेली. तिथे बोलायची तिला लाज वाटत होती. सुधाताईंच्या दिवाणखान्यात दाराला मासोळ्यांचं तोरण होतं आणि त्या बरोबर त्याच्याखाली खुर्चीत बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्या उठल्या आणि दारापासून लांब, पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"काढा ते. आत्ता काढा," त्या म्हणाल्या. पुष्पाबाईने स्टुलावर चढून तोरण काढलं, पिशवीत टाकलं. सुधाताईंनी मोलकरणीला चौकट डेटॉलने पुसायला सांगितली. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणखी कुणाकुणाला बोललात?"

"सगळ्यांना. तुमच्या शर्वरीताईंकडे फक्त जायचं राहिलंय. ती पेटी, आणि ते पाळण्याचं."

"तिथे नाही जायचं."

"ताई, त्यांना बाळ झालंय ना?"

"पाच महिन्यांचं. चांगलं गुटगुटीत आहे, काही झालेलं नाही त्याला." सुधाताईंचा आवाज चढला. "तिच्या सासूने चार गावच्या पाहुण्यांना ते रुखवत दाखवलंय. सुनेच्या हातचं म्हणून! आता काय सांगायचं त्यांना? दवाखान्याचा कचरा दिला म्हणून? मी हळूहळू काहीतरी कारण काढून ते चक्र काढायला लावते. दिवाळीपर्यंत. तुम्ही मध्ये पडू नका."

आपल्या घरातलं तोरण या बाईला एक क्षण सहन झालं नाही, आणि नातवाच्या डोक्यावर मात्र दिवाळीपर्यंत चालणार होतं. महिना पुरा होता दिवाळीला. समोर चहाचा कप ठेवला होता. तिने तो उचलला नाही.

"येते," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

शर्वरीचं सासर कडोदऱ्याला. पुष्पाबाईने पर्वत पाटियावरून शटल रिक्षा पकडली. सहा माणसांत दाबून बसली होती, कुणाच्या तंबाखूचा वास, कुणाच्या घामाचा, पण त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलं नाही. चार दिवस ती सुधाताईंना सांगायला लाजत होती. किळस वाटत होती ती त्या चार दिवसांची.

दार शर्वरीनेच उघडलं. सासू मंदिरात गेली होती. आतल्या खोलीत पाळणा होता, वर चक्र. बाळ आता हात वर करू लागलं होतं आणि कुणीतरी कौतुकाने दोरा लांब करून एक मासोळी त्याच्या हाती लागेल अशी खाली सोडली होती. तिची शेपटी बाळाच्या तोंडात होती. बाळ दात नसलेल्या हिरड्यांनी ती चावत होतं आणि हनुवटीवरून लाळ गळत होती.

पुष्पाबाईने ती मासोळी त्याच्या तोंडातून ओढली. बाळ रडू लागलं.

"अहो मावशी, हे काय!" शर्वरी म्हणाली.

पुष्पाबाईने उभ्या उभ्या सांगितलं. काहीच लपवलं नाही. म्हाताऱ्याची पाठ, बादली, कुत्रं, आपले दात. ऐकून झाल्यावर शर्वरीने बाळाला उचललं, उकळून निवलेलं पाणी घेतलं आणि बोटाला मऊ कापड गुंडाळून त्याच्या हिरड्या पुसल्या. मग तिने चक्र खाली ओढलं, ते छताच्या हुकासकट आलं. काचेची पेटी हॉलमधून स्वतः उचलून आणली.

"आईला माहीत आहे?" तिने विचारलं.

पुष्पाबाईला खोटं बोलता आलं असतं. "आहे," ती म्हणाली. "आज सकाळपासून."

"काय म्हणाली?"

"दिवाळीपर्यंत काढू म्हणाल्या."

शर्वरी बाळाला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंना मीच सांगेन. रुखवत मी केलं नव्हतं हेही सांगेन."

तिने सांगितलं. त्यावरून दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं, आणि त्याचं खापर सुधाताईंनी पुष्पाबाईवर फोडलं. बाळाला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, पुढेही त्याला काही झालं नाही. पण बँकेतल्या, शाळेतल्या, सरकारी नोकरीतल्या घरांतून पुष्पाबाईला बोलावणं येणं बंद झालं. चाळीत तिला वेडी ठरवलं गेलं. सुपडू रागावून येईनासा झाला, आणि नळ्यांची पिशवी तो आता कडोदऱ्याच्या रस्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या बाईला देतो असं तिच्या कानावर आलं.

गोळा केलेल्या मासोळ्या मोजल्या तर एकोणसाठ भरल्या. त्यांचं करायचं काय? कचऱ्यात टाकल्या तर कुणी उचलून पुन्हा विकणार. दारात जाळल्या तर चाळभर धूर. शेवटी सुकदेवने त्या डब्याच्या पिशवीत भरल्या आणि मिलच्या बॉयलरमध्ये टाकून आला. त्याने बायकोला कधी विचारलं नाही, की एवढं करून काय मिळालं. त्या रात्रीपासून जेवायच्या आधी तो हात तीनदा धुवायला लागला. रंग जात नसे तरी.

पुष्पाबाईने काम सोडलं नाही. कापडाची तोरणं आणि कागदी मण्यांचे पडदे ती करत राहिली, मिलच्या बायकांसाठी, मिळेल त्या भावात. विणायची वेळ आली की दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती स्टेशनजवळच्या बाजारात मणी आणायला गेली होती. एका हातगाडीवर मासोळ्या टांगलेल्या होत्या. गुलाबी, निळ्या, शेकड्यांनी. दोन बायका निवडत होत्या आणि एकीने आपल्या मुलीच्या गालाला मासोळी लावून बघितली.

"भाई, ये पाइप कहाँ का है?" पुष्पाबाईने विचारलं.

"नवा माल है, मासी. फॅक्टरी का."

खरंही असेल. तिने एक मासोळी नाकाशी नेली. फिनेलचा वास. गाडीवाल्याने ती तिच्या हातून काढून घेतली. पुष्पाबाई त्या बायकांकडे वळून मराठीत, हिंदीत, येत होती तेवढ्या गुजरातीत सांगू लागली. दवाखाना, रक्त, बादली. बायका जरा मागे सरकल्या, एकमेकींकडे बघून ओठ दाबून हसल्या, आणि सांगून होईपर्यंत त्यांनी चार मासोळ्या पिशवीत टाकल्याही होत्या.

पुष्पाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती दोन पावलं बाजूला झाली आणि रस्त्यावर थुंकली.

"ओ मासी!" झाडू घेतलेली महापालिकेची बाई पलीकडून ओरडली. "अहीं थूंकवानुं नथी! दंड थशे!"

रस्ता खरंच लख्ख होता. पुष्पाबाईने कडेची माती चपलेने ओढून थुंकी झाकली, आणि मणी न घेताच पांडेसऱ्याच्या बसकडे चालू लागली.